शिवून ठेवलेला शेवट

कुलसुम,

हे वाचून तू नाक मुरडणार, मला माहीत आहे. "आता हिला लिहायची हौस आली," म्हणशील. म्हण. वाचनालयाचा अंक निघतोय आणि स्वप्नालीनं आम्हा सगळ्यांना एकेका वाचकावर लिहायला सांगितलंय. शालूबाईंनी आपल्या कैलासवासी नवऱ्याचं नाव दिलं. त्या गृहस्थांनी जन्मात पंचांगाशिवाय काही वाचलं नव्हतं. बायडाबाईंनी स्वतःचंच नाव दिलं. मी तुझं दिलं. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.

गोड गोड लिहिणार नाही, हे आधीच सांगते. गेल्या वर्षी तू जे केलंस ते येणार आणि मी जे केलं तेही येणार. मी स्वतःला सांभाळून घेईन असं तुला वाटेल, म्हणून 'मी' हा शब्दच काढून टाकते. पूर्णिमाबाई इंगवले नावाची एक निवृत्त शिक्षिका आहे, तिचं जसं झालं तसं सांगते. चुकलं तर दुकानात येऊन ऐकून घेईन.

तुझी,
पूर्णिमा

पूर्णिमाबाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि तितकीच वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या. ओढणीच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी, पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेली नद्यांची नावं, ठरवून काढलेला खोकला, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पुढं बाई निवृत्त झाल्या, नजर काही झाली नाही. दूधवाला आला की त्या आधी त्याच्या मापाकडं बघायच्या, मग तोंडाकडं. गॅसच्या टाकीचं सील दोनदा तपासायच्या. सून "भाजीला जाऊन येते" म्हणाली की पिशवी घेतली का, हे खिडकीतून बघायच्या. त्यांना कधी कुणी फसवलं होतं अशातला भाग नाही. उलट, आपल्याला कुणी फसवू शकलं नाही ते या नजरेमुळंच, असा त्यांचा हिशेब होता.

कुलसुम मणेर त्यांच्याच वर्गातली. मॅट्रिकला दोघी एका बाकावर. निकाल लागला तशी पूर्णिमा कॉलेजात गेली आणि कुलसुम लग्न होऊन बांगड्यांच्या दुकानात. दुकान सासऱ्यांचं, महाद्वार रोडच्या मागच्या बोळात. दोन गिऱ्हाइकं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं एवढं. नवरा कामिल भिडस्त, परक्या बाईच्या हाताला हात लावायचा तर कानापर्यंत लाल व्हायचा. तिसऱ्याच महिन्यात सासूनं कुलसुमला पुढं बसवलं. कामिलला जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा गल्फला गेला, नात मेहक फार्मसी शिकायला लागली, तरी कुलसुम आहे तिथंच बसलेली.

तिला हाताचं माप घ्यायला कडी लागत नाही. हात पुढं आला की अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबते आणि सांगते, "डावा सव्वादोन. उजवा अडीच. अजून हातानंच कपडे धुतीस व्हय गं? मशीन काय शोभेला ठेवलीया?" हात मऊ करून, चार बोटं एकात एक मिटवून ती हिरवा चुडा असा चढवते की नवरीला कळत नाही कधी चढला. बांगडी फुटली असं तिच्या दुकानात म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. एखादीच्या मनगटावर निळा डाग दिसला तर ती विचारत काही नाही. फक्त तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवते.

तिचं वाचन सगळं रद्दीतलं. बांगड्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की तेच कागद वाचायचे. पन्नास वर्षं. त्यामुळं हजारो गोष्टींचे मधलेच तुकडे तिला पाठ. एकदा पूर्णिमाबाई बिलवर बांगड्या घ्यायला गेल्या तर ही म्हणाली, "पूर्णे, एका डॉक्टरनं बायकोला तळघरात कोंडलीया आणि वर पाव्हणं आल्यात. पुढचा कागद त्या कळंब्याच्या बाईला गेला. आता काय करावं?"

पूर्णिमाबाई म्हणाल्या, "गुरुवारी वाचनालयात ये. तिथं सबंध पुस्तक असतं."

अशी ती वाचक मंडळात आली.

मंडळ म्हणजे फार काही नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी चार वाजता सात-आठ बायका जमायच्या. बोलणाऱ्या तिघीचौघी, बाकीच्या विणकाम करायच्या. बायडाबाई पाटील यांच्या घरी पाच म्हशी. त्या धारेच्या वेळेला उठणार म्हणजे उठणार, कादंबरीत नायक मरत असला तरी. शालूबाई निवृत्त नर्स, मृदू बोलायच्या आणि कुठली गोष्ट पोटात ठेवायच्या नाहीत. स्वप्नाली वाचनालयाची ग्रंथपाल, तीस वर्षांची, या सगळ्या म्हाताऱ्यांना चहा पाजून शांत ठेवणारी.

गेल्या वर्षी स्वप्नालीनं माडीवरच्या कपाटातून एक ऐतिहासिक कादंबरी काढली. पुस्तक इतकं जुनं की वरची दोन पानं गेलेली. एकच प्रत. म्हणून पद्धत ठरली ती अशी: गुरुवारी एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि पुढच्या वेळी जिची पाळी असेल तिनं सरावाला पुस्तक घरी न्यायचं.

गोष्ट शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका गडाची. गड खरा की लेखकाच्या मनातला, यावर पहिल्याच दिवशी तासभर भांडण झालं. वेढा पडलेला असतो. एके रात्री कुणीतरी आतून चोरदिंडी उघडतं आणि गड जातो. फितूर कोण? संशय तिघांवर: किल्लेदाराचा मेहुणा, हिशेब ठेवणारा सबनीस आणि दिंडीवरच्या बुरुजावरचा गोलंदाज दाऊद, ज्याची तोफ त्या रात्री उडालीच नाही.

पहिल्या गुरुवारी बायडाबाई बोलून गेल्या, "मी बाई आधी शेवट बघती, मग निवांत ऐकती. मालिकेचं बी मी तसंच करती, पोरगी मोबाईलवर सांगती."

पूर्णिमाबाईंच्या अंगावर काटा आला. "शेवट आधी? मग वाचायचं कशाला?"

"जीव टांगणीला लागत न्हाय की. म्हशी दूध कमी देत्यात माझा जीव टांगला की."

पूर्णिमाबाईंनी तिथल्या तिथं स्वप्नालीकडून सुई मागून घेतली आणि शेवटची चोवीस पानं बाहेरच्या कडेनं एकत्र शिवून टाकली. पांढरा दोरा, आठ टाके. जुनं पुस्तक शिवलं म्हणून स्वप्नाली हळहळली, पण बाईंपुढं बोलणार कोण?

कुलसुम म्हणाली, "टाके घालतीस व्हय? बाळंतीण हाय का ती?"

"तू हस. पुस्तक संपेपर्यंत दर गुरुवारी हे टाके मी तपासणार."

आणि त्यांनी तपासले. दर गुरुवारी पुस्तक आलं की आधी टाके मोजायच्या, मग चष्मा पुसायच्या, मग "करा सुरू" म्हणायच्या.

कादंबरी अंगात भिनली हे खरं. बायका भाजी निवडताना सबनिसाला शिव्या द्यायला लागल्या. पण तिसऱ्या-चौथ्या गुरुवारनंतर मेहुणा मागं पडला, सबनीस मागं पडला आणि सगळ्यांची बोटं दाऊदकडं वळली. कुणी ठरवून वळवली नाहीत. वळली.

"दिंडी त्याच्या बुरुजाखाली," शालूबाई म्हणाल्या. "तोफ त्याची. न उडवणाराही तोच. आणखी काय पायजे?"

"दारू भिजलीती," कुलसुम म्हणाली. "चौथ्या प्रकरणात वाचलं की आपण. कोठाराचं छप्पर गळतंय म्हणून त्यानं सबनिसाला तीनदा सांगितलं. सबनीस म्हटला बघू. भिजल्या दारूनं तोफ कशी उडंल?"

"भिजवली असेल त्यानंच," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"आपलीच दारू? कशापायी?"

"पलीकडच्या छावणीत त्याच्या मावशीचा मुलगा आहे, तेही वाचलं की आपण."

"सबनिसाचा साडू बी तिकडंच हाय. ते बरं इसरलीस."

"कुलसुम, तू काय त्याचं वकीलपत्र घेतलंयस का?"

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. कुलसुमनं पदर सारखा केला. "घेतलं. कुणीतरी घ्यायला नगो?"

पूर्णिमाबाईंना आपण काही वावगं बोललो असं वाटलं नाही. वर्गात त्या सगळ्यांनाच असं बोलायच्या.

सातव्या गुरुवारी पुस्तक कुलसुमकडून आलं. पूर्णिमाबाईंनी टाके मोजले. आठ. दोरा पांढरा. त्या "करा सुरू" म्हणणार तेवढ्यात बोट थांबलं. त्यांचा टाका लहानपणापासून डावीकडं तिरपा पडतो. शिवणाच्या बाईंनी त्यासाठी छड्या मारल्या होत्या. हे टाके सरळ होते, एका रेषेत, मशीनवर घातल्यासारखे.

त्यांनी कुलसुमकडं बघितलं. कुलसुम खिडकीबाहेर बघत होती.

त्या दिवशी कुलसुमनं चाळीस पानं वाचली, स्वच्छ, एकही अडखळा नाही. वाचून झाल्यावर शालूबाईंनी दाऊदला पुन्हा धारेवर धरलं, आणि कुलसुम काही बोलली नाही. एक शब्द नाही. बायडाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं, "काय वकील, आज रजेवर?" तरी ती नुसती हसली.

घरी जाताना पूर्णिमाबाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. हिनं उसवलं. वाचलं. पुन्हा शिवलं. आणि गप्प झाली. दाऊद सुटला असता तर ही गप्प बसली असती का? पेढे वाटत आली असती. म्हणजे फितूर दाऊदच. आणि हिला ते कळलंय. गणित सरळ होतं. असली गणितं त्यांनी परीक्षेच्या वर्गात शेकड्यानं सोडवली होती: जी मुलगी एकदम मान खाली घालते, तिच्याच बाकाखाली चिठ्ठी.

तरी पुरावा पाहिजे म्हणून शनिवारी त्या दुकानात गेल्या. एका नवरीचा हात कुलसुमच्या हातात होता आणि नवरीची आई डझनाची किंमत उतरवत होती. पूर्णिमाबाई स्टुलावर टेकल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "मला हल्ली वाटायला लागलंय, सबनीसच असावा."

हा सापळा होता. महिनाभरापूर्वी कुलसुम यावर उडाली असती. आता तिनं एक बांगडी चढवली, दुसरी चढवली.

"काय की," म्हणाली.

"काय की म्हणजे? तूच म्हणत होतीस."

"म्हटलं असंल." मग नवरीला, "हात सैल सोड गं. सासरी जायाच्या आधीच मूठ आवळतीस व्हय?"

मेहक कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दादी, सांगून टाका ना तुम्ही."

कुलसुमनं तिच्याकडं असं बघितलं की पोरगी पुन्हा पुस्तकात गेली.

झालं. पूर्णिमाबाईंना आणखी काही नको होतं. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत त्यांनी शालूबाईंना फोन लावला होता. "कुणाला सांगू नका," असं दोनदा बजावलं. शालूबाईंना काही सांगताना असं बजावलं म्हणजे काय होतं, हे चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांना माहीत नव्हतं असं त्यांनी तरी म्हणू नये.

गुरुवारी सगळ्या वेळेआधी हजर. म्हशी मागे ठेवून बायडाबाईसुद्धा. वाचायची पाळी पूर्णिमाबाईंची होती, पुस्तक त्यांच्या पिशवीत. कुलसुम चारला पाच मिनिटं असताना आली, आणि माडीवरच्या बायका एकदम हवापाण्यावर बोलायला लागल्या. ती दारात थांबली. सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि आपल्या जागेवर येऊन बसली.

पूर्णिमाबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "सुरू करण्याआधी एक. हे टाके माझे नाहीत."

त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"कुणीतरी उसवून परत शिवलेत. ज्या कुणी..."

"ज्या कुणी काय, पूर्णे?" कुलसुम म्हणाली. "माझं नाव घे की. मी उसवलं."

बाईंची तयारी नकाराची होती. चौतीस वर्षांत पहिल्या फटक्यात कबूल झालेली एकही मुलगी त्यांना आठवेना. "नियम ठरला होता आपला," त्या म्हणाल्या.

"ठरलाता. मोडला मी. दंड काय आसंल तो घ्या."

"दंड राहू द्या," बायडाबाई पुढं सरकल्या. "फितूर कोण ते सांगा."

"ते न्हाय सांगणार. पुढचं सांगायचं न्हाय, ह्यो बी नियमच हाय."

"आता नियम आठवला होय!" शालूबाई म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या. "नसेल सांगवत, कुलसुमभाभी. समजतं आम्हाला."

"काय समजतं?"

शालूबाईंनी पूर्णिमाबाईंकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पूर्णिमाबाईंनी स्वप्नालीकडं हात केला. "कात्री आण."

आठ टाके कापले. चोवीस पानं त्यांनी एका बैठकीत वाचली, पाणीसुद्धा न पिता. गड गेला. किल्लेदार पडला. सबनीस बायकामुलांना घेऊन खालच्या रानात गायब. मेहुणा मेलेल्यांत सापडला, पाठीत वार; पळताना लागला की लढताना, कळायला मार्ग नाही. दाऊद जखमी होऊन तोफेपाशी पडलेला, जिभेला लकवा, बोलता येत नाही. नवा किल्लेदार विचारतो, दिंडी कुणी उघडली? दाऊद नुसता बघत राहतो. शेवटचं वाक्य एवढंच, की दिंडीचा अडसर आतल्या बाजूला, भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता.

संपलं.

"म्हंजे?" बायडाबाई म्हणाल्या. "पान फाटलंय का काय?"

"नाही. समाप्त लिहिलंय."

"आन कोण ते?"

"लिहिलेलं नाही."

"आठ गुरुवार! आठ गुरुवार मी म्हशी गड्यावर सोडून आली! आसलं बुक कोण लिवतं?"

पूर्णिमाबाई पानं पुन्हा चाळत होत्या. त्यांच्या गणिताचं उत्तर चुकलं होतं आणि चूक कुठं झाली ते सापडत नव्हतं. सुटलेला नाही, सापडलेलाही नाही. मग ही गप्प का?

तेवढ्यात शालूबाई आपल्या मऊ आवाजात म्हणाल्या, "नाव घेतलं नाही म्हणजे समजून घ्यायचं. दुसरा कुणी असता तर लेखकानं लिहायला काय हरकत होती? लोकांची मनं दुखायला नकोत म्हणून झाकलं असेल त्यानं."

"आसं आसंल," बायडाबाई म्हणाल्या. विणणाऱ्या एकदोघींनी माना हलवल्या.

आणि पूर्णिमाबाई? त्यांच्याही मनात तेच आलं होतं, फक्त शालूबाईंच्या आधी अर्धं मिनिट.

कुलसुम उठली. पिशवी उचलली. तिला राग आलेला दिसत नव्हता. दिवसभराचं दुकान आवरून उठावं तशी उठली.

"बघितलंस?" ती पूर्णिमाबाईंना म्हणाली. "ह्येच्यासाठी गप हुती मी. मेहक रोज इचारायची, दादी, तुमचा गोलंदाज सुटला का? मला बी वाटलं, बघून टाकावं. सुटला आसंल तर गुरुवारी ऐटीत यीन, तुम्हा एकेकीची तोंडं बघत बसंन. सापडला आसंल तर ताप आला म्हणून घरात बशीन. उसवून बघती तर काय, सुटला बी न्हाय, सापडला बी न्हाय. तवाच मला कळलं, तुम्ही काय म्हणणार ते."

"कुलसुम, बस," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"टाके तपासलंस. दुकानात येऊन मला तपासून गेलीस. मला काय कळलं न्हाय आसं वाटलं व्हय? पन्नास वर्षं हात धरती मी बायकांचं, पूर्णे. कोण कशाला आली ते स्टुलावर बसायच्या आधी कळतं मला. का उसवलं, तेवढंच इचारलं न्हाईस."

ती जिना उतरून गेली. स्वप्नाली चहा घेऊन आली तेव्हा एक कप जास्त झाला आणि तो तसाच निवला.

पुढच्या गुरुवारी कुलसुम आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंडळानं नवं पुस्तक धरलं, विनोदी, कुणालाही न दुखावणारं. कुणाला हसू येईना. बायडाबाई एकदा म्हणाल्या, "ती वकील आसली की भांडाय तरी मजा यायची," आणि मग म्हशींची आठवण येऊन वेळेआधीच उठल्या.

पूर्णिमाबाई त्या काळात दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्या. माफी मागायची सवय त्यांना नव्हती, आणि नेमकी कशाची मागायची हेही ठरत नव्हतं. उसवलं होतं हे खरं. पकडलं होतं हेही खरं. मग आपलं चुकलं कुठं? त्यांना वस्तू लागायची हातात धरायला. नुसत्या शब्दांवर त्यांनी कुणाचं कधी ऐकलं नव्हतं.

ती वस्तू स्वप्नालीनं शोधून दिली. तिनं वाचनालयाच्या जुन्या नोंदवहीतून कादंबरीचं नाव काढलं, चार ठिकाणी फोन केले आणि सांगत आली, "बाई, हिची दुसरी आवृत्ती निघाली होती. तिच्या शेवटी लेखकानं नऊ पानं वाढवलीत, वाचकांच्या पत्रांना उत्तर म्हणून. कागलला जोतीराम सर म्हणून आहेत, निवृत्त हेडमास्तर, त्यांच्याकडं प्रत आहे. देत नाहीत कुणाला. म्हणतात, येऊन वाचा, चहा पाजतो."

"काय आहे त्या नऊ पानांत?"

"मी विचारलं. म्हणाले, फोनवर सांगणार नाही. येऊन वाचा."

पूर्णिमाबाई त्याच पावली बोळात गेल्या आणि या वेळी परत फिरल्या नाहीत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कुलसुम रद्दीच्या कागदांचे चौकोन कापत होती. तिनं मान वर केली, स्टुलाकडं हात केला.

"बस. गुडघा कसा हाय?"

"गुडघ्याचं राहू दे. मंगळवारी रिकामी आहेस का? कागलला जायचंय." आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, दुसरी आवृत्ती, नऊ पानं, हेडमास्तर, चहा.

कुलसुमनं कात्री खाली ठेवली. "मला कशाला नेतीस? तू वाचून ये, मला सांग."

"नाही. दोघींनी वाचायचं. एकत्र. नंतर कुणी कुणाला विचारायला नको."

"बरं. समज त्या पानांत आसलं की दाऊद न्हवता. सबनीस हुता. मग?"

"मग मी गुरुवारी माडीवर उभी राहून सांगेन. शालूबाईंच्या तोंडावर. माझं चुकलं म्हणून सांगेन."

"सांगशील, माझा भरोसा हाय." कुलसुमनं कापलेले कागद हातानं सारखे केले. "आन आसलं की दाऊदच हुता, तर?"

पूर्णिमाबाईंनी तोंड उघडलं. समोर काचेत हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्यांच्या रांगा होत्या, त्या बघितल्या. रस्त्यावरून एक उसाचा रस विकणारा घुंगरं वाजवत गेला, तो पार जाईपर्यंत बघितला. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत नसलं की त्या घड्याळाकडं बघत तीसपर्यंत मोजायच्या आणि म्हणायच्या, "बस खाली." इथं कुणी मोजत नव्हतं.

"तर 'माझं चुकलं न्हवतं' आसं म्हणशील?" कुलसुमनंच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"मला माहीत नाही," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"हां. ह्ये खरं बोललीस." मग तिनं दुकानातल्या कॅलेंडरकडं बघितलं. "मंगळवारी दहाची गाडी मिळंल. डबा मी आणती. हेडमास्तरचा नुसता चहा कुठवर पुरणार?"

सोमवारी पूर्णिमाबाईंनी पिशवी भरली: चष्मा, भिंग, पाण्याची बाटली, टिपणं काढायला वही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली, खाली "दाऊद" लिहिलं आणि बराच वेळ पुढं काही सुचलं नाही. मग त्यांनी दुकानात फोन लावला. पाऊस येईलसं दिसतंय, म्हणाल्या. आकाश स्वच्छ होतं, आणि कुलसुमचं दुकान त्याच आकाशाखाली होतं.

"व्हय," कुलसुम म्हणाली. "माझं बी जरा लग्नाचं गिऱ्हाईक हाय. पुढच्या मंगळवारी बघू."

पुढच्या मंगळवारी मेहकची परीक्षा निघाली. त्याच्या पुढच्या वेळी दिवाळीची गर्दी. आता दर शनिवारी दुपारी पूर्णिमाबाई दुकानात जाऊन बसतात. कागद कापू लागतात. चुकीचे कापले म्हणून बोलणी खातात. गुरुवारी कुलसुम येत नाही आणि त्या चल म्हणत नाहीत. जोतीराम सरांचा स्वप्नालीला दोनदा फोन येऊन गेला, बायका येणार होत्या त्यांचं काय झालं म्हणून. कागल काही लांब नाही. गाडीनं पाऊण तास, गाड्याही दर थोड्या वेळानं. जायचं राहिलंय.